सलग

एकोणिसाव्या दिवशी कंट्रोलर बंद पडतो.
अठरा दिवस बिनतक्रार, मग पहाटे कधीतरी
लाल दिवा, आणि तांबोळींच्या वहीत
त्यांच्या तिरक्या अक्षरात: पुन्हा.

भोसरीत, एस ब्लॉकच्या पत्र्याखाली
मी त्याची मेमरी कागदावर उतरवून घेते.
चौसष्ट किलोबाइट. एवढीच.
लग्नाच्या अल्बममधला एक फोटो मावायचा नाही तिच्यात.
पण पाण्याची पातळी, झडपांची खबरबात,
धायरीकडच्या टाकीला रात्री किती वाजता पाणी सोडायचं,
हे सगळं ती सांभाळते. अठरा दिवस.

वापरातलं हिरव्या पेनने रंगवते,
मोकळं तसंच सोडते.
मोकळं पुष्कळ आहे. चार हजार बाइट.
त्याने मागितले होते नऊशे.
मिळाले नाहीत.

भणगेसाहेब खांद्यावरून बघतात.
"चार हजार आहेत ना? मग नऊशे द्यायला काय होतं?"
चाळीस इथे, सर, सोळा तिथे,
दोनशे एका कोपऱ्यात,
आणि मधे मधे कुणीतरी बसलेलं.

मोठ्या संगणकात एक गोडबोल्या कारकून असतो.
विखुरलेल्या तुकड्यांवर ओळीने आकडे चिकटवून
मागणाऱ्याला म्हणतो, घ्या, एकसंध आहे.
मागणारा खूश.
आमच्या ऐंशी रुपयांच्या चिपमध्ये ती नेमणूक नाही.
इथे पत्ता म्हणजे पत्ता.
भिंतीही नाहीत:
एकाचा हात घसरला की दुसऱ्याच्या हिशेबावर रेघ.

*

सहा वाजता गेटात टेम्पो अडकलेला.
गव्हाणेमामा पार्किंगकडे हात करून म्हणाले,
"जागा हाय की मॅडम. मोप हाय.
पन एका जागी न्हाय."

दिवसभर साहेबांना जे मला मराठीत सांगता आलं नाही
ते त्यांनी शिट्टी तोंडातून न काढता सांगितलं.

मग गाड्या सरकवायला लागले.
मागचं चाक उचलून, घासत, एकेक.
सहावीपाशी अडले. हँडल लॉक.
"आता ही हलत न्हाय, म्हंजे पलीकडची बी हलत न्हाय."

मी विचारलं, हलवलेल्यांचे मालक कुठे शोधणार?
"लावली तितंच. तितं दुसऱ्याची दिसली
तर तिलाच किल्ली घालून बसतो येक येक जन.
अन् कवा कवा लागती बी."

लागते बी.
त्या दिवशी एवढं एकच वाक्य घरी घेऊन गेले.
कुणाकुणाच्या खिशात जुना पत्ता आहे
हे ठाऊक असल्याशिवाय
मी कुणाला कशी उठवू?

*

नाशिक फाट्याला बाबांचा फोन. "वेळ आहे का गं?"
आहे म्हटलं. खोटं नव्हतं.
सिग्नलची तीन मिनिटं होती, लिफ्टची एक होती,
कुकरच्या दोन शिट्ट्यांमधलीही धरली तर
रोजचा तास सहज भरतो.
त्यांनी घसा खाकरला. मागे हॉर्न वाजला.
"राहू दे," म्हणाले, "मोठं आहे. सावकाश बोलू."

*

आता मी मागणंच बंद केलंय.
वीज आल्यावर, पहिल्याच सेकंदाला,
ज्याचा त्याचा खण ज्याला त्याला.
नंतर कुणी काही मागायचं नाही, परत करायचं नाही.
कुणाच्या खणात निम्मी हवा आहे.
"वाया जातंय हो," भणगेसाहेब.
जातंय. आतल्या आत जातंय,
म्हणून गेटात काही अडत नाही.

आज एकविसावा दिवस. तांबोळींची वही कोरी.
त्यांच्याच तिरक्या पट्टीने
मी भिंतीवरच्या कॅलेंडरात रविवार आखला,
नऊ ते अकरा, हिरव्या पेनने, आत लिहिलं: बाबा.

त्यांना किती लागणार आहे
ते विचारलेलं नाही.